आठ वाजताचा नंबर

माझ्या बोलण्यात घड्याळ फार येतं अशी घरच्यांची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. मी स्टेशन मास्तर आहे. रायपूरपासून अर्ध्या तासावरचं माझं स्टेशन, तिथे पॅसेंजर थांबते आणि बाकीच्या गाड्या धूळ उडवत निघून जातात. एकोणीस वर्षं मी गाड्यांच्या वेळा लिहितोय. त्यामुळे कोणी 'नऊच्या सुमारास येतो' म्हणालं की माझं डोकं फिरतं. सुमारास म्हणजे किती वाजता? नऊला पाच कमी, की नऊ दहा? लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच बायकोने मला सांगून टाकलं होतं, "मी काही मालगाडी नाही. सारखं काय विचारून राहिले, कुठं पोचली म्हणून?"

आमची लेक सहा वर्षांची. जन्मापासून तिच्या पित्ताच्या नळ्या बंद होत्या. दोन महिन्यांची असताना एक ऑपरेशन झालं, त्यावर तिने पाच वर्षं काढली आणि मग यकृतच थकलं. माझा रक्तगट जुळला नाही, बायकोचा जुळला. दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात बायकोच्या यकृताचा तुकडा काढून लेकीला बसवला. सकाळी दोघींना वेगवेगळ्या दारांतून आत नेलं आणि मी मधल्या बाकावर बसलो. त्या दिवसाबद्दल मला लिहायचं नाही. लिहायचं आहे ते रायपूरला परत आल्यावरच्या चौथ्या महिन्यातल्या एका दिवसाबद्दल, कारण त्या दिवशी घात करणारा रोग नव्हता, मी होतो.

रेल्वे क्वार्टरच्या भिंतींना ओल होती, बुरशी चालणार नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून आम्ही शंकर नगरात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तिथे मी कडक राज्य सुरू केलं. चपला जिन्यात. दारात साबण. मास्क. पाणी उकळून, वीस मिनिटं, घड्याळ लावून. आई माझ्या धाकट्या भावाकडे तात्यापाऱ्यात राहते. ती एकदा पुरानी बस्तीतल्या देवळातून नारळाचा प्रसाद घेऊन आली, तर मी तिला खाली फाटकातच थांबवलं.

"आई, तिले बाहेरचं चालत नाही."

"बाहेरचं कुठं, देवाचं हाय रे."

"देवाचं असलं तरी हात कोनाकोनाचे लागले?"

ती वळली. प्रसाद पदराखाली धरून त्याच ऑटोत बसून परत गेली. ऑटोवाल्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की ती मला अजून आठवते. पण मला वाटत होतं मी बरोबर आहे, आणि औषधाच्या बाबतीत तर माझ्याइतकं बरोबर कोणी नाहीच.

औषध म्हणजे दोन बारक्या कॅप्सूल. शरीराने आईच्या यकृताला परकं समजून हाकलून देऊ नये म्हणून त्या आयुष्यभर घ्यायच्या. सकाळी आठ, रात्री आठ, उपाशीपोटी. रक्तात औषध कमी पडलं तर शरीर यकृतावर तुटून पडणार, जास्त झालं तर किडनीवर ताण आणि कुठलंही इन्फेक्शन घरात शिरणार. मधली वाट अरुंद. ती वाट नीट चालली आहे की नाही हे बघायला आठवड्यातून एकदा रक्त तपासायचं. रक्ताच्या दिवशी एकच नियम वेगळा: आधी रक्त, मग कॅप्सूल. आदल्या रात्रीच्या डोसातलं किती उरलंय ते मोजायचं असतं, म्हणून सकाळचा डोस पोटात गेल्यावर घेतलेलं रक्त काही कामाचं नाही.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. एका स्टेशनवरून गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनच्या मास्तरला विचारावं लागतं, लाइन क्लियर आहे का. तो सगळं बघतो, आणि लाइन मोकळी असेल तर एक नंबर देतो. दोन आकडी. त्याच्याकडे अशा नंबरांचा एक कागद असतो, तो त्याच्याशिवाय कोणी बघत नाही. त्याला आम्ही प्रायव्हेट नंबर म्हणतो. दिलेला नंबर तो कागदावर खोडतो, मी तो रजिस्टरात लिहितो, मग गाडी निघते. नंबर नाही तर गाडी नाही. आत मंत्री बसलेला असो की वरात.

हे मी घरी आणलं. हॉस्पिटलातून आल्यावर लेक औषधाला कंटाळली होती, तोंड घट्ट मिटायची, तेव्हा मला ते सुचलं. एका कागदावर मी तिला दोन आकडी नंबर लिहून दिले, ओळीने नाही, विस्कटून. तो कागद ती कंपास पेटीत ठेवायची आणि कोणाला दाखवायची नाही. आठ वाजले की मी कॅप्सूलची पट्टी हातात घेऊन विचारायचो, "लाइन क्लियर?" ती तीन गोष्टी तपासायची: माझे हात धुतलेत का, घड्याळात किती वाजले (तेव्हा ते तिला नीट कळत नसलं तरी), आणि कॅप्सूल किती. मग कागदावर बोट फिरवायची आणि मोठ्या साहेबासारखी सांगायची, "इकतालीस." मी रजिस्टरात लिहायचो. तारीख, वेळ, किती, नंबर, देणाऱ्याची सही. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदीत. गल्लीतली सगळी मुलं तशीच आहेत.

या खेळाने औषधाची रडारड थांबली. हॉस्पिटलातल्या कोऑर्डिनेटर मॅडम, म्हणजे फोनवर आमची औषधं सांभाळणाऱ्या बाई, त्यांनी रजिस्टरचा फोटो मागवून दुसऱ्या आईबापांना पाठवला. मी फुगलो. त्या फुगण्यातच पुढचं बीज आहे.

आता त्या दिवसाच्या आधीच्या आठवड्यातलं एक सांगायलाच हवं. संध्याकाळी माझी ड्यूटी होती आणि डोस बायकोने द्यायचा होता. मी घरी येऊन रजिस्टर बघितलं तर वेळ सात मिनिटं पुढची. मी विचारलं. ती म्हणाली, टाक्यांत दुखत होतं म्हणून जरा आडवी झाले, डोळा लागला. तिच्या पोटावर या कुशीपासून त्या कुशीपर्यंत टाक्यांचा वळ आहे. आणि मी, ज्याच्या अंगाला साधी सुई टोचली नाही, तिला म्हणालो, "स्टेशनवर सात मिनिटांत दोन गाड्या एकमेकीवर जातात."

"सात मिनिटांनं काही होत नाही, मॅडमनं सांगतलं हाय. अर्ध्या तासापर्यंत चालते."

"चालते चालते करूनच सगळं बिघडते."

तिने विळी ओढली. भाजी चिरायला घेतली आणि चिरता चिरता रडली. मला दिसलं. मी टीव्ही लावला.

तर तो दिवस. रक्ताचा दिवस होता, मंगळवार. रक्त न्यायला लॅबचे एक गृहस्थ घरी यायचे, पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, हात इतका हलका की लेक फक्त त्यांनाच हात द्यायची. ते पावणेआठला येत. त्या दिवशी पावणेआठ झाले, सात पन्नास झाले, पत्ता नाही. बायको कपडे आणि आंघोळ उरकायला गेली होती. एरवी रक्ताच्या दिवशी कॅप्सूलची पट्टी ती स्वतः फ्रीजवरच्या डब्यात ठेवायची, म्हणजे चुकून कोणाच्या हाताला लागायला नको. त्या दिवशी पट्टी टेबलावरच राहिली होती.

मी लॅबमध्ये फोन लावला. तिथल्या मुलीने सांगितलं, निघालेत सर, पोचतच असतील. 'पोचतच असतील' ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला वेळ म्हणजे काय ते शिकवू लागलो. माझी लेक सकाळपासून उपाशी बसली आहे, तुम्हाला काही वाटतं का, वगैरे. तेवढ्यात आठचा अलार्म वाजला. फोन खांद्याने कानाला दाबून धरला होता. तोंड भांडत होतं आणि हातांनी आपलं काम केलं. पट्टी उचलली. दोन कॅप्सूल बाहेर काढल्या. मान हलवून मी लेकीला विचारलंसुद्धा, आणि तिनेही सवयीने पेटी उघडून नंबर दिला, "तिरसठ." पाण्याचा ग्लास मी दिला. तिने गिळल्या. मी मुलीला फोनवर म्हणत होतो, "आप लोगों को टाइम की कोई क़दर नहीं है."

फोन ठेवला. रजिस्टर उघडलं, त्रेसष्ट लिहिलं, आणि वेळेच्या रकान्यात पेन टेकवलं तेव्हा मला कळलं.

काळजात धस्स झालं असं म्हणतात. माझं तसं काही झालं नाही. मला नुसतं गार वाटलं, मानेपासून खाली. आठचा अलार्म अजून चालू होता, तो लेकीने बंद केला. मग ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "पापा, आज तो खून वाले अंकल आने वाले थे ना?"

तेवढ्यात बेल वाजली नसती तर मी काय केलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला बरेचदा विचारला आहे. बेल वाजली नाही, असं धरून पुढच्या माझ्या वागण्याचा मी फार चांगला हिशेब लावतो. पण बेल वाजली. खरं म्हणजे ती लगेच वाजली नाही, चाळीसेक मिनिटं मध्ये गेली. मी ती चाळीस मिनिटं गॅलरीत उभा राहून काढली, ते मला बेल लगेच वाजल्यासारखं आठवायला आवडतं.

चष्मेवाले गृहस्थ घामाने ओले होते. "सॉरी सर, रेलवे फाटक बंद था. मालगाड़ी खड़ी हो गई बीच में." त्यांनी हात धुतले, हातमोजे घातले, सुई काढली आणि दर वेळी विचारतात तसं विचारलं, "दवाई नहीं दिए हैं ना सर?"

बायको त्याच क्षणी केस पुसत बाहेर आली.

मी म्हणालो, "नहीं."

लेकीने हात पुढे केला होता. तिने माझ्याकडे बघितलं, पण काही बोलली नाही. सुई टोचली तरी बोलली नाही. ते गेल्यावर बायको म्हणाली, "देऊन टाका आता तिची कॅप्सूल." मी म्हणालो, "दिली." ते तर खोटं नव्हतं. मग मी रजिस्टरात वेळ लिहिली. आठ पंचेचाळीस.

एकोणीस वर्षांत मी रजिस्टरात खोटी वेळ लिहिली नव्हती. आमच्यात त्याहून मोठा गुन्हा नाही. चूक झाली तर चालते, चूक लपवलेली चालत नाही, कारण पुढचा माणूस तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवून गाडी सोडतो. हे मी नवीन पोरांना ट्रेनिंगमध्ये शिकवतो.

का लिहिली, तर सात मिनिटांमुळे. त्या सात मिनिटांवरून मी जे बोललो होतो, त्यानंतर मला बायकोसमोर उभं राहून 'मी चुकलो' म्हणता येत नव्हतं. बस, एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी शोधलं, सापडलं नाही.

दिवसभर मी स्वतःला समजावत राहिलो. चाळीस मिनिटांत पोटातून रक्तात किती जाणार? कदाचित काही फरकच येणार नाही. फोनवर वाचायला घेतलं तर पहिल्याच ओळीत भलतंच निघालं, मी फोन उलटा ठेवला. बायकोने विचारलं, "काहून सारखे उठून-बसून राहिले?" मी म्हणालो गरम होतंय. दुपारी औषधं आणायला स्कूटरवर तात्यापाऱ्यात गेलो. आई दारातच दिसली. मला वाटलं प्रसादाचा विषय काढेल, पण तिने फक्त विचारलं, "पोट्टी बरी हाय ना?" मी म्हणालो हो. "अन् तू?" मी स्कूटरला किक मारली. मी हेल्मेट काढलंच नाही, बरं झालं.

घरी लेक जमिनीवर बसून चित्र काढत होती. तिला नुकतंच घड्याळ यायला लागलं होतं, म्हणून वहीभर घड्याळंच. एरवी मी आलो की चित्र नाचवत आणायची. त्या दिवशी वही मिटली आणि आईजवळ स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

साडेपाचला रिपोर्ट आला. एरवी आठ-नऊ असायचं. त्या दिवशी एकोणीस.

दहा मिनिटांत कोऑर्डिनेटर मॅडमचा फोन. त्यांची हिंदी तिकडची, शब्द मोजून ठेवल्यासारखी. "लेवल बहुत हाई है. आज रात से डोस आधा. एक कैप्सूल सुबह, एक रात. अगले मंगल को फिर टेस्ट करेंगे." मग त्या थांबल्या. "ब्लड तो दवाई के पहले ही दिया ना?"

समोर बायको उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हणालो, "हाँ जी मैडम."

"आपका तो रजिस्टर है, आपसे ग़लती नहीं होगी," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मला सगळं कळत होतं, हे इथे सांगून ठेवतो. लेकीचं औषध जास्त झालेलं नव्हतं. तिला जेवढं लागतं तेवढंच जात होतं. आता ते अर्धं होणार, आठ दिवस अर्धं राहणार, आणि चौथ्या महिन्यात आठ दिवस अर्ध्या औषधावर तिच्या शरीराने आईचा तुकडा ओळखायला नकार दिला तर दुसरा तुकडा कुठून आणणार? हे सगळं ठाऊक असून मी बायकोला म्हणालो, "डोस अर्धा करा म्हणते."

ती खाली बसली. "एवढी कशी वाढली वं माय," ती स्वतःशीच म्हणाली. मग आठवू लागली. काल काय दिलं, परवा काय दिलं. पपनसाच्या जातीचं फळ चालत नाही, त्याने औषध रक्तात चढतं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. तिचं माहेर अमरावतीकडचं. परवा तिच्या भावाने संत्री पाठवली होती, आणि लेकीने हट्ट केला म्हणून तिने उकळत्या पाण्यात धुऊन दोन फोडी दिल्या होत्या.

"संत्रं चालते म्हणाले होते ना? का त्याच्यात काही दुसरं कलम असन? मले विचारायले पाहिजे होतं. मीच देल्या. माह्याच हातानं देल्या मी."

ती उठली आणि उरलेली संत्री पिशवीसकट कचऱ्यात टाकली. वाकताना टाक्यांवर हात धरला होता. मी बघत उभा राहिलो. एक शब्द बोललो नाही. माझ्या आयुष्यात मी केलेल्या वाईट गोष्टींची यादी कोणी मागितली तर खोटी वेळ तिच्यात दुसऱ्या नंबरवर येईल. पहिली ही.

आठ वाजले. मी हात धुतले, पट्टी घेतली, एक कॅप्सूल काढली आणि लेकीसमोर बसलो. रजिस्टर मांडीवर.

"लाइन क्लियर?"

तिने माझे हात बघितले. घड्याळ बघितलं. मग तळहातावरची कॅप्सूल बघितली. "एक ही क्यों?"

"डॉक्टर म्हणाले एकच द्या."

"क्यों?"

"रक्तात औषध जास्त निघालं म्हणून."

रक्ताच्या दिवशी उपाशी का बसायचं, हे मीच तिला दर मंगळवारी समजावून सांगत आलो होतो, आकड्यांसकट. तिने कंपास पेटी उघडली नाही. दोन्ही हात पेटीवर ठेवले.

"नंबर दे बेटा, आठ होऊन राहिले."

"नहीं दूँगी."

"काहून?"

"लाइन क्लियर नहीं है," ती म्हणाली. "आपने सुबह पहले खिला दी थी. इसलिए ज़्यादा निकला. आपने अंकल को झूठ बोला."

स्वयंपाकघरात पाण्याचा नळ चालू होता, तो बंद झाला.

एरवी मी कोणत्याही गाडीसमोर उभा राहिलो असतो, कोणत्याही साहेबाशी भांडलो असतो. पण नंबरशिवाय गाडी सुटत नाही हे मी तिला शिकवलं होतं, आणि ती माझ्यापेक्षा पक्की मास्तर निघाली. माझ्या तळहातावरची कॅप्सूल घामाने चिकट झाली. घड्याळ पुढे चाललं होतं. आठ एक. आठ दोन. बायको दारात येऊन उभी होती. तिने विचारलं, "काय म्हणून राहिली ते?"

मी तिला सांगितलं. अलार्म, फोन, लॅबच्या मुलीशी भांडण, त्रेसष्ट नंबर, सगळं. मग म्हणालो, "संत्र्यानं काही नाही झालं. मी गप होतो."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "फोन लावा."

मी लावला. स्पीकरवर. मॅडमना सांगताना माझी जीभ अडखळत होती, ज्या जिभेने मी सकाळी लॅबच्या मुलीची खरडपट्टी काढली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अभी तक रात का डोस नहीं दिया ना? अच्छा. पूरा दीजिए, दो कैप्सूल. कल सुबह फिर ब्लड. इस बार दवाई के पहले." आणि मग, अजिबात आवाज न चढवता, "सर, ग़लती सब पेरेंट्स करते हैं. हमको बस सच चाहिए. हम इतनी दूर बैठकर और क्या देखेंगे?"

ट्रेनिंगमध्ये मी हेच शिकवतो, दुसऱ्या शब्दांत.

मी हात पुन्हा धुतले. दोन नव्या कॅप्सूल काढल्या. लेकीने तपासल्या. पेटी उघडली, बोट फिरवलं. "बत्तीस." आठ वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. मी तेवढीच लिहिली.

मग सकाळची ओळ दुरुस्त करायला घेतली. आमच्याकडे रजिस्टरात खाडाखोड करत नाहीत, पांढरी शाई लावत नाहीत. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर खरं लिहायचं आणि सही करायची. मी आठ पंचेचाळीसवर लाल रेघ मारली आणि वर आठ वाजता लिहिलं. सही केली. पेन ठेवताना पान मागे उलटलं गेलं, आणि मला आधीच्या आठवड्यातली बायकोची ओळ दिसली. त्या रात्री मी फक्त वेळ बघितली होती, पुढचं वाचलंच नव्हतं. तिच्या गोल अक्षरात, सहीच्या रकान्यात मावत नाही म्हणून बारीक करून लिहिलेलं: 'आठ सात. उशीर माझ्यामुळे, झोप लागली.' तिला ते लिहायची गरज नव्हती. ती आठच लिहू शकली असती, लेक तेव्हा अजून घड्याळ शिकत होती आणि घरात दुसरं कोणी नव्हतं.

मी रजिस्टर घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ती कचऱ्याच्या बादलीतून संत्र्यांची पिशवी बाहेर काढत होती. मी म्हणालो, "त्या दिवशी सात मिनिटांवरून मी बोललो, ते..." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पिशवी धरा. वाकता येत नाही मले."

मी पिशवी धरली. ती एकेक संत्रं धुवून टोपलीत ठेवत गेली.

दुसऱ्या दिवशी पट्टी बायकोच्या मुठीत होती. अलार्म मी आधीच बंद केला होता. चष्मेवाले गृहस्थ पावणेआठला आले नाहीत, आठलाही नाही. मी लॅबला फोन लावला नाही. फोन लेकीनेच पेटीखाली दाबून ठेवला होता. आठ दहाला बेल वाजली. त्यांनी हातमोजे घालता घालता नेहमीचं विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत लेक माझ्याकडे वळून बसली. वाट बघत.

मी म्हणालो, "आज नहीं दी है. कल दी थी. कल मैंने आपसे झूठ बोला था."

ते चष्म्यावरून बघत राहिले. "हव सर," ते शेवटी म्हणाले, "तभी फिर से बुलाए हैं." आणि लेकीचा दंड बांधायला घेतला.

संध्याकाळी आकडा नऊ आला. पण तो यायला अजून नऊ तास होते आणि सकाळी तो आम्हाला माहीत नव्हता. सकाळी एवढंच झालं की ते गेले, बायकोने मूठ उघडली, पट्टी माझ्या हातात दिली, आणि मी लेकीसमोर बसून विचारलं, "लाइन क्लियर?" तिने माझे हात बघितले, घड्याळ बघितलं, कॅप्सूल मोजल्या. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. ही चौथी तपासणी तिने त्या दिवसापासून सुरू केली, आणि ती अजून करते. तिने कागदावर बोट फिरवलं आणि नंबर दिला.

मी रजिस्टरात लिहिला. वेळ, आठ बावीस.